आज विकायला काढलं तर? कंपन्या ‘फेअर व्हॅल्यू’ कशी ठरवतात

बायजूज या बेंगळुरूच्या ऑनलाइन शिकवणी कंपनीचे शेअर ज्यांच्याकडे होते, त्यांत दोन बडी नावं होती: अमेरिकेची ब्लॅकरॉक आणि नेदरलँड्सची प्रोसस. ३१ मार्च २०२३ या दिवशी ब्लॅकरॉकने आपल्याकडच्या शेअरना जो भाव लावला, त्या भावाने अख्ख्या बायजूजची किंमत सुमारे ८४० कोटी डॉलर होत होती. त्याच दिवसाच्या प्रोससच्या हिशेबाने ती होत होती सुमारे ५१० कोटी डॉलर. आणि २०२२ मध्ये कंपनीने पैसे उभे केले तेव्हा हाच आकडा २,२०० कोटी डॉलर सांगितला जात होता. पुढे २०२४ मध्ये प्रोससने आपला ९.६ टक्के हिस्सा पुस्तकात सरळ शून्यावर आणला.

कंपनी एक, तारीख एक, आणि आकड्यांत तीनशे कोटी डॉलरहून जास्त फरक. कुणीतरी लबाडी केली असणार, असा संशय येणं साहजिक आहे. पण हिशेबाचे नियम काटेकोर पाळूनही असं होऊ शकतं. कसं, ते समजून घ्यायचं तर आधी नियम नेमका काय विचारतो ते पाहायला हवं.

‘फेअर व्हॅल्यू’ म्हणजे रास्त किंमत ठरवण्याचा हा नियम भारतात इंड एएस ११३ या नावाने ओळखला जातो. २०११ साली आलेल्या आयएफआरएस १३ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तो देशी अवतार. २०१५ मध्ये तो अधिसूचित झाला आणि १ एप्रिल २०१६ पासून मोठ्या कंपन्यांना लागू झाला. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: मोजणीच्या दिवशी ही मालमत्ता बाजारातल्या जाणत्या गिऱ्हाइकाला रीतसर व्यवहारात विकली असती तर किती पैसे आले असते? देण्याच्या बाबतीत उलट: हे देणं दुसऱ्या कुणाच्या अंगावर घालायचं ठरवलं असतं तर ते घेणाऱ्याला आपल्याला किती पैसे द्यावे लागले असते?

वाक्य साधं दिसतं, पण त्यातला प्रत्येक शब्द कोर्टात साक्षीदार तपासावा तसा तपासला जातो. तुम्ही कितीला घेतलं, हे तो विचारत नाही. तुम्हाला ते विकायचं आहे की नाही, हेही विचारत नाही. ‘आम्ही हे दहा वर्षं ठेवणारच आहोत, मग आजच्या भावाचं आम्हाला काय?’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. किंमत लावायची ती बाजारातल्या इतरांच्या नजरेने. व्यवहारही रीतसर हवा. गळ्याशी आल्यावर मिळेल त्या भावात केलेली विक्री फेअर व्हॅल्यू ठरत नाही. मात्र ‘सगळा बाजारच पडलाय, हे भाव खरे नव्हेत’ असं म्हणून पडलेले भाव झटकूनही टाकता येत नाहीत. पडलेल्या बाजारातही रीतसर व्यवहार होतातच. मार्च-एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाउनच्या त्या दिवसांत, ताळेबंद करणाऱ्यांची झोप उडवणारा प्रश्न हाच होता: हा भाव घाबरलेल्या बाजाराचा आहे, की अडलेल्या एखाद्या विक्रेत्याचा?

आता सगळ्याच आर्थिक मालमत्ता या भावाने पुस्तकात येतात असं नाही. नुसतं मुद्दल आणि व्याज मिळवण्यासाठी ठेवलेलं कर्ज किंवा रोखा (बाँड) इंड एएस १०९ या आर्थिक मालमत्ता-देण्यांच्या मानकाप्रमाणे मूळ खर्चाच्या हिशेबाने राहू शकतो. शेअर, म्युच्युअल फंडाची युनिट्स, फॉरवर्डसारखे डेरिव्हेटिव्ह करार यांना मात्र फेअर व्हॅल्यू चुकत नाही. फरक कधी नफा-तोटा पत्रकात जातो, कधी त्याला बगल देऊन ‘इतर सर्वंकष उत्पन्न’ या खान्यात. तो तपशील इथे सोडून देतो. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे आणि फारसा रंजकही नाही.

मोजणीची रीत एका रोख्यावर पाहू. दर्शनी किंमत १,००० रुपये, दरवर्षी ८ टक्के व्याज, मुदत संपायला ३ वर्षं. म्हणजे हातात येणार ८० रुपये, मग ८० रुपये, आणि शेवटी १,०८०. आज तेवढीच पत असलेल्या कंपनीचा तीन वर्षांचा नवा रोखा ९ टक्के देत असेल, तर तुमचा ८ टक्क्यांचा रोखा पूर्ण हजाराला कोण घेईल? गिऱ्हाईक ९ टक्के पदरात पडतील अशाच भावाने घेणार. ते तीन हप्ते ९ टक्क्यांनी आजच्या किमतीत आणले की होतात अनुक्रमे ७३.३९, ६७.३३ आणि ८३३.९६. बेरीज ९७४.६८ रुपये. कंपनीची पत घसरली आणि बाजार १२ टक्के मागू लागला, तर हाच रोखा सुमारे ९०४ रुपयांवर येतो. एकही हप्ता चुकलेला नाही, एक पैसा बुडालेला नाही, तरी शंभराच्या आसपास रुपये पुस्तकातून गेले. येणारे पैसे किती, ते कधी येणार, आणि आज त्यांवर किती टक्के मागितले जातात, या तीन गोष्टींवर पुढची बहुतेक भांडणं होतात.

भाव कुठून आणायचा यासाठी मानकाने तीन पातळ्या केल्या आहेत.

पहिली पातळी सरळ आहे. तीच वस्तू, चालता बाजार, छापील भाव. इन्फोसिसचे शेअर असतील तर ३१ मार्चचा एक्स्चेंजवरचा भाव घ्यायचा, संख्येने गुणायचं, झालं. ब्रोकरेज वजा करायचं नाही. इथे एक गंमत आहे. एखाद्याकडे कंपनीचे आठ-दहा टक्के शेअर असले आणि ते एकदम विकायला काढल्यावर भाव कोसळणार हे शेंबड्या पोरालाही कळत असलं, तरी ‘एवढा माल काढला तर भाव पडेल’ म्हणून सूट धरायला मानक मनाई करतं. भाव गुणिले संख्या, बस. मला हे थोडं अवास्तव वाटतं, पण सूट धरायची मोकळीक दिली की प्रत्येक जण आपल्या सोयीची सूट धरेल, ही भीतीही खोटी नाही.

दुसऱ्या पातळीवर नेमक्या त्याच वस्तूचा भाव नसतो, पण शेजारचा असतो. डोंबिवलीतल्या आपल्या फ्लॅटचा भाव सांगताना आपण त्याच बिल्डिंगमध्ये गेल्या महिन्यात विकल्या गेलेल्या फ्लॅटचा दर घेतो, मजला आणि पार्किंग पाहून वर-खाली करतो, तसंच हे. आपल्याकडे कंपन्यांच्या रोख्यांचं बहुतेक मूल्यांकन असंच चालतं, कारण बरेचसे रोखे एकदा विकले गेले की कपाटात जाऊन बसतात, महिनोन्‌महिने हलत नाहीत. मग त्याच मुदतीच्या सरकारी रोख्यावरचा परतावा घ्यायचा आणि त्यावर कंपनीच्या पतमानांकनाप्रमाणे जादा टक्का चढवायचा. सरकारी रोख्यांचे भाव एफबीआयएल ही संस्था जाहीर करते. म्युच्युअल फंडांना क्रिसिल आणि इक्रा यांच्याकडून रोख्यांचे भाव मिळतात. तुमच्या डेट फंडाची (रोख्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडाची) रोजची एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, बऱ्याच अंशी असल्याच काढलेल्या भावांवर उभी असते.

तिसऱ्या पातळीवर शेजारही नसतो. कंपनी शेअर बाजारात नाही, तिच्यासारखी दुसरी नाही, शेवटचा व्यवहार होऊन वर्ष लोटलंय. मग स्वतःचे अंदाज धरावे लागतात: पुढची पाच वर्षं विक्री किती वाढेल, नफा किती उरेल, जोखीम पाहता किती टक्क्यांनी ते पैसे आजच्या किमतीत आणायचे. बायजूजचे शेअर याच जातीचे होते. वाढीचा वेग दोन-चार टक्के कमी धरला, जोखमीचा टक्का थोडा चढवला, की ८४० चे ५१० व्हायला वेळ लागत नाही. दोघांचे मूल्यांकनकर्ते वेगळे, त्यांच्या हातात आलेली माहिती वेगळी. दोन्ही आकडे प्रामाणिक अंदाज असू शकतात, आणि पुढचा इतिहास पाहता दोन्ही चढेच निघाले.

एखाद्या गणितात पन्नास आकडे बाजारातले आणि एकच अंदाजाचा असेल, पण तो एकच उत्तर बऱ्यापैकी हलवणारा असेल, तर अख्खी मालमत्ता तिसऱ्या पातळीत जाते. साखळीची ताकद तिच्या कच्च्या कडीने ठरते, हे इथे लेखी नियमच आहे.

आणि कुठेतरी भाव छापून येतो म्हणजे तो चालता बाजार झाला, असंही नाही. एचडीबी फायनान्शियलचं उदाहरण ताजं आहे. आयपीओच्या आधी अनलिस्टेड शेअर विकणाऱ्या दलालांकडे तिचा भाव १,२०० रुपयांच्या वर बोलला जात होता. जून २०२५ मध्ये आयपीओ आला तो ७०० ते ७४० रुपयांच्या पट्ट्यात. तुरळक सौद्यांचा भाव ताळेबंदात जसाच्या तसा उचलणाऱ्याचं काय झालं असतं, ते उघड आहे.

पण या विषयात मला सगळ्यात उद्बोधक वाटतो तो किस्सा बँकांच्या एटी-१ रोख्यांचा, कारण त्यात सेबी, अर्थ मंत्रालय, बँका आणि फंड हाउस सगळे एका प्रश्नावर भिडले: ज्या रोख्याला शेवटची तारीखच नाही, त्याची किंमत कशी काढायची?

एटी-१ म्हणजे भांडवल वाढवण्यासाठी बँका काढतात ते ‘कायमस्वरूपी’ रोखे. व्याज दरवर्षी, पण मुद्दल परत करण्याचं बंधन नाही. काही वर्षांनी, बहुधा पाच, बँकेला ते परत घेण्याचा हक्क असतो. त्याला कॉल म्हणतात. हक्क बँकेचा, गुंतवणूकदाराचा नाही. वर, बँक गाळात गेली तर मुद्दल पुसून टाकण्याची मुभा. तरी वर्षानुवर्षं सगळे गृहीत धरत होते की बँक कॉलच्या तारखेला पैसे देणारच. फंडही त्याच तारखेला रोखा संपतो असं मानून भाव काढत. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे ८,४१५ कोटी रुपयांचे असे रोखे शून्य झाले आणि सगळ्यांना अटी पुन्हा वाचाव्या लागल्या.

१० मार्च २०२१ ला सेबीने परिपत्रक काढलं: १ एप्रिलपासून म्युच्युअल फंडांनी या रोख्यांची मुदत काढल्या दिवसापासून १०० वर्षं धरून किंमत करायची. याने काय होतं ते आकड्यात पाहा. ९ टक्क्यांचा हजाराचा रोखा, कॉलला ४ वर्षं बाकी, बाजार मागतोय १० टक्के. कॉलपर्यंत धरला तर किंमत ९६८ रुपये. शंभर वर्षं धरली तर ९००. तेच व्याज, तीच बँक, तोच बाजार; फक्त शेवटची तारीख बदलली आणि हजारामागे ६८ रुपये गेले. बाजाराने ११ टक्के मागितले तर दरी आणखी रुंद: ९३८ विरुद्ध ८१८.

तेव्हा बाजारात असे सुमारे ९०,००० कोटी रुपयांचे रोखे होते आणि त्यांतले सुमारे ३५,००० कोटींचे म्युच्युअल फंडांकडे. एनएव्ही पडतील, लोक पैसे काढतील, फंड रोखे विकतील, सरकारी बँकांना भांडवल मिळणं अवघड होईल, अशी भीती पसरली. दुसऱ्याच दिवशी अर्थ मंत्रालयाने सेबीला हे कलम मागे घ्यायला सांगितलं. सेबीने ते मागे घेतलं नाही, पण २२ मार्चला पायऱ्या करून दिल्या: आधी १० वर्षं धरा, मग २०, मग ३०, आणि एप्रिल २०२३ पासून १००.

प्रकरण तिथे मिटलं नाही. हिशेबाच्या मानकांवर लक्ष ठेवणाऱ्या नॅशनल फायनान्शियल रिपोर्टिंग अथॉरिटीकडे, म्हणजे एनएफआरएकडे, विचारणा झाली की इंड एएस ११३ च्या नजरेतून बरोबर रीत कोणती. तिचं म्हणणं आलं की बाजारात हे रोखे कॉलच्या तारखेचा हिशेब धरूनच घेतले-विकले जातात, त्यामुळे किंमतही तशीच काढावी. ऑगस्ट २०२४ मध्ये सेबीने ते मान्य करून नवं परिपत्रक काढलं. शंभर वर्षं गेली, कॉलची तारीख परत आली.

माझ्या मते मानकाच्या चौकटीत एनएफआरएचं बरोबर होतं. प्रश्न ‘हा रोखा खरोखर किती वर्षं चालेल?’ असा नाहीच. प्रश्न आहे ‘आज घेणारा काय धरून भाव देतो?’. शंभर वर्षांचा नियम म्हणजे सेबीची, राखणदाराची, सावधगिरी होती, बाजाराचं मत नव्हतं. पण याची दुसरी बाजूही डोळ्यांआड करू नये. २०२० च्या आधी येस बँकेच्या रोख्यांनाही बाजार कॉलची तारीख धरूनच भाव देत होता. बाजार चुकला तर फेअर व्हॅल्यूही त्याच्याबरोबर चुकते, आणि नियमाप्रमाणे ती तेव्हाही बरोबरच असते.

देण्यांकडे वळलं की तर्क डोक्यावर उभा राहतो. मघाचा ८ टक्क्यांचा रोखा आता काढणाऱ्या कंपनीच्या बाजूने पाहा. तिची पत घसरली, बाजार १२ टक्के मागू लागला, रोखा ९०४ वर आला. देणं फेअर व्हॅल्यूने मोजत असाल तर ते हजाराचं नऊशे चार झालं, म्हणजे ९६ रुपयांचा ‘नफा’. पत गेली म्हणून फायदा! हा पुस्तकी विनोद नाही. २०११ च्या तिसऱ्या तिमाहीत मॉर्गन स्टॅनलीने स्वतःची पत घसरल्यामुळे सुमारे ३४० कोटी डॉलरचा असा नफा दाखवला होता. भाबड्या वाचकाला ती तिमाही झकास वाटली असेल. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांची कर्जं मूळ रकमेच्या हिशेबानेच राहतात, त्यामुळे ही वेळ क्वचित येते. आणि एखादं देणं मुद्दाम फेअर व्हॅल्यूवर ठेवलं, तरी पत बदलल्यामुळे आलेला फरक इंड एएस १०९ सहसा नफा-तोट्यात येऊ देत नाही, ‘इतर सर्वंकष उत्पन्ना’त टाकतो. शहाणपणाचा नियम.

याचा उलटा चेहरा स्टार्टअपच्या कागदांत दिसतो. गुंतवणूकदारांना दिलेल्या परिवर्तनीय प्रेफरन्स शेअरच्या (पुढे साध्या शेअरमध्ये बदलणाऱ्या शेअरच्या) बदल्यात नेमके किती साधे शेअर द्यायचे हे पक्कं ठरलेलं नसेल, तर हिशेबात ते शेअर न मानता देणं मानावं लागू शकतं. मग कंपनीची किंमत वाढली की देणं वाढतं, आणि देणं वाढलं की तोटा. धंदा जोरात, बाजार खूश, आणि नफा-तोटा पत्रकात शेकडो कोटींचा तोटा, ज्यातला एक रुपयाही कुणाला दिलेला नसतो. आयपीओच्या वेळी हे शेअर साध्या शेअरमध्ये बदलले की ती ओळ नाहीशी होते. ‘कंपनी तोट्यातून नफ्यात आली’ असा मथळा दिसला की आधी ही ओळ शोधावी.

बचत खात्यातल्या ठेवींसाठी मात्र मानकाने पळवाट बंद केलीय. ठेवीदार पैसे वर्षानुवर्षं काढत नाहीत हे अनुभवाने माहीत असलं, तरी मागता क्षणी द्यावं लागणारं देणं मागणीच्या रकमेपेक्षा कमी दाखवता येत नाही.

फेअर व्हॅल्यूने न मोजलेल्या गोष्टींचीही फेअर व्हॅल्यू बऱ्याचदा ताळेबंदाखालच्या टिपांमध्ये छापावी लागते, आणि ती वाचण्यासारखी असते. अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेने २०२२ च्या अखेरीस ‘मुदतीपर्यंत ठेवणार’ म्हणून सुमारे ९,१०० कोटी डॉलरचे रोखे मूळ हिशेबाने दाखवले होते. त्यांची बाजारातली किंमत सुमारे १,५०० कोटी डॉलरने कमी होती. बँकेचं स्वतःचं भांडवल साधारण तेवढंच. आकडा लपवलेला नव्हता, अहवालात छापलेला होता. १० मार्च २०२३ ला बँक बंद पडली.

तुमच्याकडे एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल असेल तर ‘फेअर व्हॅल्यू मेजरमेंट’ ही टीप काढा. तीन पातळ्यांचा तक्ता तिथेच असतो. तिसऱ्या पातळीचा आकडा कंपनीच्या एकूण भांडवलाच्या किती आहे, ते आधी पाहावं. मग त्या पातळीचा वर्षभराचा ताळा: सुरुवातीला किती, नवीन किती घेतलं, विकलं किती, आणि नुसत्या फेरमोजणीतून किती वाढलं. शेवटचा आकडा दरवर्षी फुगतोय आणि विक्री मात्र होतच नाही, असं दिसलं तर त्या नफ्याला अजून गिऱ्हाईक भेटलेलं नाही. त्याखाली ‘अंदाज एक टक्क्याने बदलला तर’ असा छोटा तक्ता असतो. बऱ्याच कंपन्या तो बारीक टाइपात छापतात. वर्षात एखादी वस्तू दुसऱ्या पातळीतून तिसरीत सरकली असेल, तर कारण द्यावं लागतं. तेही वाचावं.

रिझर्व्ह बँकेने बँकांच्या गुंतवणुकीसाठी १ एप्रिल २०२४ पासून लागू केलेल्या नियमांत याच तीन पातळ्या आणल्या, पण एक पाऊल पुढे टाकून. तिसऱ्या पातळीच्या फेरमोजणीतून निव्वळ नफा दिसला आणि तो प्रत्यक्ष हाती आलेला नसेल, तर बँकेला तो पुस्तकात दाखवता येतो, पण त्यातून भागधारकांना लाभांश वाटता येत नाही, आणि मुख्य भांडवल मोजताना तो वजा करावा लागतो.